पेतेलोने जहाजाला हात केला

वाइसिना गाव
शुक्रवार, १२ ऑक्टोबर २३१७

युद्धनौका तोलुआफाचे कप्तान यांस,

काल, गुरुवार दिनांक ११ ऑक्टोबर रोजी, संध्याकाळी सहा वाजून बत्तीस मिनिटांनी, शंख फुंकून झालेला असताना आणि घराघरात प्रार्थना चालू असताना, आपलं जहाज वाइसिना गावावरून गेलं. वेळ माझ्या घड्याळातली आहे. या घड्याळावर मी हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांच्या नाड्या मोजल्या आहेत. ते चुकत नाही.

'कप्तान यांस' लिहिलं, कारण 'चिरंजीव' लिहायला हात वळेना. आशीर्वादही लिहिलेले नाहीत. ते राहून गेले असं समजू नये.

इथवर 'आपलं' म्हटलं ते पुरे झालं. सिस्टर कोलोतितांनी आम्हाला शिकवलं होतं की परक्याला आदरानं लिहावं आणि घरच्याला खरं लिहावं. तेव्हा आता खरं लिहिते.

तुझं जहाज काय चीज आहे हे मला कुणी सांगायला नको. शनीच्या कड्यांमधली तीन शहरं त्याची सावली बघूनच शरण आली. गॅनिमीडवर म्हणे रडणारं पोर त्याच्या नावानं गप्प होतं. अपिया शहराच्या वर्तमानपत्रात हे सगळं येतं आणि शेजारणी अंगणात येऊन मला मोठ्यानं वाचून दाखवतात, जणू मीच त्याच्या भट्टीत कोळसा घालते. आपल्या वेशीवर नाक ठेवलं तर शेपूट तिसऱ्या गावात जाईल, एवढं ते लांब आहे. एवढी मोठी वस्तू चालवणाऱ्याला तिन्हीसांजेची वेळ कळू नये?

'सा' म्हणजे काय हे तुला विसरायला झालं असेल, म्हणून सांगते. शंख वाजला की गाव थांबतं. चुलीवरचं चुलीवर राहतं. रस्त्यावर माणूस नको, गाडी नको, पोहणारं पोर नको. डुकरंसुद्धा शहाणी झाली आहेत. हे सगळं दुसरा शंख वाजेपर्यंत. तुझे ते गॅनिमीडवाले जिंकायला तुला जेवढा वेळ लागला, त्याहून कितीतरी कमी वेळाचं काम आहे हे.

मी दुसऱ्या स्तोत्रावर होते. एकदम अंधारून आलं. भांडी मांडणीवर थरथरायला लागली. आणि मग तू ते शिंग वाजवलंस, तीनदा. शहरांच्या भिंतींना तडे पाडायला जे वाजवतोस, तेच. आज सकाळी तुझ्या जहाजावरून छापील निरोप आला: 'सदर सलामी कप्तानांच्या ज्येष्ठ भगिनींच्या सन्मानार्थ होती.' सन्मान पोचला. छताचे चार पत्रे सन्मानानं उडून फणसाच्या झाडात अडकलेत.

पत्र्यांसाठी मी कागद खराब केला नसता.

सापेताचा मुलगा पेतेलो तुला आठवतो का? आपल्या चर्चच्या मागच्या घरातला. आता तो शेहेचाळीस वर्षांचा आहे. घराण्याचं पद मिळालं नाही, मिळणारही नाही. सभेत बसायला जे डोकं लागतं ते देवानं त्याला दिलं नाही, त्याऐवजी आवाज दिला. चर्चमध्ये सगळ्यांत खालचा सूर तो धरतो. तो गायला लागला की बाक थरथरतात आणि त्या थरथरण्यानं कुणाची खिडकी फुटत नाही. आणि रोज 'सा'च्या वेळी काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं काम गावानं त्याच्याकडे दिलंय. कुणी आलं की तो हात करतो. एवढंच काम, पण तो ते जीव लावून करतो. मागे एकदा बिशपांची गाडी आली, तिलाही त्यानं हात केला. बिशप खाली उतरले, गवतात बसले आणि त्याच्याबरोबर स्तोत्र म्हणाले.

काल त्यानं तुझ्या जहाजाला हात केला.

म्हाताऱ्या आओतोआंच्या सुनेनं खिडकीतून पाहिलं. आभाळभर लोखंड येतंय आणि खाली रस्त्यावर हा, एका हातात काठी, दुसरा हात वर. हलला नाही. तुझ्या पहिल्या शिंगाला गुडघ्यावर आला, दुसऱ्याला आडवा झाला. तिसरं त्यानं ऐकलंच नसेल.

त्याचे कान मी स्वतः तपासले. अपियाचा डॉक्टर पुढच्या आठवड्यात जे सांगेल ते मी आजच सांगते. पडदे गेलेत ते गेलेत, आतली नसही मेली आहे. तुझ्या जहाजावर लोखंडाचे कान मिळतात हे मला ठाऊक आहे. मेलेल्या नसेवर लोखंडी कान म्हणजे डूल.

सकाळी गावसभा बसली. मला बोलावलं होतं. सभेचे वक्ते म्हातारे आओतोआ यांनी विचारलं,

"मेट्रनबाई, जहाज कुणाचं?"

"आरमाराचं."

"चालवतो कोण?"

"माझा भाऊ."

"आणि पोटावर नाव कुणाचं लिहिलंय?"

आपल्या घराण्याचं पद तू घेतलंस आणि कुणाला न विचारता त्या यंत्राच्या पोटावर रंगवलंस. तोलुआफा. तीन वादळांत होडी घालून अख्खं गाव परत आणणाऱ्याचं नाव. माणसं वाचवल्याबद्दल मिळालेलं नाव, आणि ते मिरवतंय कोण!

"आमचं," मी म्हणाले.

"मग झालं तर," म्हातारा म्हणाला.

निर्णय असा. ज्यानं केलं त्यानं खाली येऊन सापेताच्या दारात इफोंगाला, म्हणजे माफी मागायला, बसायचं. पहाटे, घराण्याची चटई डोक्यावरून घेऊन, खाली मान घालून, त्या घरची माणसं चटई उचलून माफ करेपर्यंत. मुदत शनिवार २७ तारखेच्या संध्याकाळच्या शंखापर्यंत. त्या आत झालं नाही, तर तोलुआफाचं घर गावाबाहेर. घर, फणसाची झाडं, अळूचं शेत, सगळं सोडून मी जायचं. आईची कबर अंगणात आहे. ती ट्रंकेत घालता येत नाही.

हे पत्र पाणी भरायला आलेल्या तुझ्या उडत्या होडीबरोबर पाठवते आहे. उत्तर लिही.

आकेनेसे


वाइसिना
मंगळवार, १६ ऑक्टोबर

फालानिको,

उत्तर लिही म्हटलं होतं. तू ओरडलास.

काल सकाळी आम्ही माडाखाली खोबरं खवत बसलो होतो, मी, सापेता आणि पेतेलो. तुझं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर टांगलेलं आहेच, हलत नाही आणि आमचा अर्धा समुद्र सावलीत ठेवून बसलंय. तिथून एकदम तुझा आवाज आला. ढगातून यावा तसा. "वाइसिनाच्या ग्रामस्थहो! परवाच्या घटनेबद्दल मला मनापासून खेद वाटतो." पाखरं उडाली. डुकरं पळाली. पलीकडच्या गावातल्या लोकांनासुद्धा तुझा खेद ऐकू गेला, आज बाजारात चौकशी करत होते.

सगळं गाव माना वर करून उभं. एकटा पेतेलो खोबरं खवतोय. मग त्यानं आमच्याकडे पाहिलं.

"काय झालं? सगळे वर काय बघतायत?" हल्ली तो फार मोठ्यानं बोलतो. त्याला त्याचा आवाज ऐकू येत नाही ना.

मी शाळेतली पाटी आणून ठेवली आहे. तिच्यावर लिहून दाखवलं, 'माझा भाऊ तुझी माफी मागतोय.' अक्षरांखाली बोट फिरवत त्यानं सावकाश वाचलं. सिस्टरांनी त्याला वाचायला शिकवलं तेव्हा वर्गातली पोरं हसायची. आज तेच कामी आलं. वाचून झाल्यावर त्यानं रस्त्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे.

"कुठे?" म्हणाला.

बहिऱ्या केलेल्या माणसाची माफी भोंग्यावरून मागणारा शहाणा या विश्वात दुसरा सापडायचा नाही. तुझ्या त्या तोफा डागणाऱ्यांत, नकाशे बघणाऱ्यांत, बिल्ले लावून फिरणाऱ्यांत एकाच्याही डोक्यात आलं नाही? की आलं आणि तुला सांगायची छाती झाली नाही?

तुझ्या होडीबरोबर जी लेफ्टनंट पोरगी येते, वाइओला, तिनं खालच्या मानेनं तुझा दुसरा निरोप दिला. बिचारीनं पाठ केला होता. 'सा' हा नियम रस्त्यावरून चालणाऱ्यांसाठी आहे, आकाशाला तो लागू होत नाही, म्हणून तांत्रिकदृष्ट्या भंग झालेला नाही.

मी तिला विचारलं, "हे त्याचं स्वतःचं, की कुणी वकील ठेवलाय?"

"त्यांचं स्वतःचं, मेट्रनबाई. सुकाणूवरच्या माणसानं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की खाली शंख झाला असेल. तेव्हा ते असंच म्हणाले होते."

म्हणजे तुला वेळ कळली नव्हती असं नाही. कळली होती. त्यातून तू पळवाट काढलीस. लहानपणी तू शंख झाल्यावर आंब्याच्या झाडावर बसून राहायचास आणि म्हणायचास, मी रस्त्यावर कुठे आहे? आईनं काय केलं होतं आठवतं? उतरवलं नाही. जेवायला हाक मारली नाही, एवढंच. अंधार पडल्यावर आपण होऊन उतरलास. आता तुझं झाड फार उंच झालंय आणि जेवण वरच मिळतं. तेवढाच फरक.

आओतोआंना मी तुझं म्हणणं सांगितलं. म्हातारा दात नसलेल्या तोंडानं खूप वेळ हसला. म्हणाला, "मेट्रनबाई, आकाशाला लागू नसेल, पण आकाश थांबलं होतं. मी पाहिलं. वारासुद्धा पडला होता. एकटा तुमचा भाऊच चालत होता."

अजून अकरा दिवस आहेत.

आकेनेसे


वाइसिना
सोमवार, २२ ऑक्टोबर

फालानिको,

शनिवारी तू माणूस पाठवलास. स्वतः नाही. वाइओलाला पाठवलंस.

ती भर दुपारी आली. पहाटे यायचं असतं. पहाटे का, तर रात्रभर झोप लागली नाही हे दिसावं म्हणून. ती जेवणाच्या वेळी आली, कारण तुझ्या जहाजाच्या वेळापत्रकात तीच मोकळी होती. घराण्याची चटई माझ्या पेटीत आहे हे तुला माहीत आहे, ती मागायची लाज वाटली असेल, म्हणून पोरीच्या डोक्यावर काय दिलंस? आग विझवायचं कांबळं. चंदेरी. त्यावर आरमाराचा शिक्का. सापेताच्या दारात भाजलेल्या माशासारखी ती चमकत बसली होती. शेजारी माशांच्या डब्यांची रास.

सापेता बाहेर आली. ऐंशीच्या घरात आहे ती आता, कमरेत वाकली आहे, पण जीभ अजून सरळ आहे.

"पोरी, कोण तू?"

"लेफ्टनंट वाइओला. कप्तानांच्या वतीनं आले आहे, आजी."

"शिंग तू वाजवलंस?"

"नाही."

"वाजवायला तू सांगितलंस?"

"नाही आजी."

"मग ऊठ. उन्हानं घेरी येईल. काही खाल्लंस का सकाळपासून?"

पोरगी कांबळ्याखालून रडायला लागली. सापेतानं कांबळं ओढून काढलं, घडी घातली, तिच्या हातात दिलं. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं दिली, दोनदा वाढली. डबे मात्र परत. "मासे आमच्या समुद्रातही आहेत," म्हणाली. "त्याची सावली हलली की पकडू."

पेतेलो पायरीवर बसून हे बघत होता. मी पाटीवर लिहिलं, 'ही माझ्या भावाच्या वतीनं आली आहे.' त्यानं वाचलं आणि वाइओलाला विचारलं, "तो आजारी आहे का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग त्याला पाय नाहीत का?"

हे त्यानं कुचकेपणानं विचारलं नाही. त्याला कुचकेपणा येत नाही, तो गुण आपल्या घरातला आहे. त्याला खरंच वाटलं की लढाईत गेले असतील. मलाही क्षणभर वाटलं, गेले असते तर बरं, निदान कारण तरी सांगता आलं असतं.

तुझे पाय शाबूत आहेत, तर एक आठवण करून देते. आई गेली तेव्हा तू रेडिओवरून शोकसंदेश पाठवलास, चांगल्या भाषेत होता. कबर मुलानं खणायची असते. मुलगा शनीच्या कड्यांमध्ये होता. ती पेतेलोनं खणली. कुणी सांगितलं नव्हतं, कुदळ घेऊन आला आणि खणायला लागला. खाली काळा खडक लागला तरी थांबला नाही. मग वर येऊन, मातीच्या हातांनीच, आईसाठी गायला. ज्याच्या कानांचं तू हे केलंस, तो हा.

आणखी लिहायचं होतं. पण बसवत नाही. गुडघे फार दुखतात, काल प्रार्थनेलाही गेले नाही. का ते विचारू नकोस. वय झालं.

चटईला ऊन दिलं आहे. आजीनं सुरू केलेली, आईनं पुरी केलेली. कापडासारखी मऊ आहे अजून, मुठीत मावेल. तुझं जहाज बांधायला कारखाने लागले. ही दोन बायकांनी बोटांनी विणली आणि तिच्यात जेवढा वेळ गेला तेवढा तुझ्या जहाजात गेलेला नाही.

आकेनेसे


वाइसिना
गुरुवार, २५ ऑक्टोबर

निको,

तुझं पत्र मिळालं. शेवटी कागदावर काहीतरी आलं. जाड कागद, वर उठावाची मुद्रा, खाली टंकलेला मजकूर. 'श्रीमती आकेनेसे यांना विनंती करण्यात येते की त्यांनी नौकेवरील कर्मचाऱ्यांना कर्तव्यावर परतण्यास सांगावे.' विनंती करण्यात येते. कोण करतंय? मुद्रा करते?

मला आधी कळेचना. मग वाइओलानं सांगितलं. तुझे सुकाणूवाले, तोफांवरचे, भट्टीवरचे, स्वयंपाकघरातले, जेवढे म्हणून आपल्या बेटांवरचे आहेत, ते सगळे सोमवारपासून आपापल्या खोलीत बसून आहेत. भांडत नाहीत, घोषणा नाहीत. विचारलं तर म्हणतात, पोट दुखतं. रविवारी तुला कॅलिस्टोवर निघायचंय, ती वस्ती जाळायचा हुकूम आहे आणि विश्वातलं सगळ्यांत भयंकर जहाज पोटदुखीनं समुद्रावर टांगून राहिलंय.

मी कुणाला काही सांगितलं नाही, हे आधी लिहिते. तुला सांगायचं नव्हतं, तर त्यांना कशाला सांगेन? पण आता तुला कळलंच आहे, तर अर्धवट कळू नये.

रविवारी पहाटे मी बसले.

शनिवारच्या त्या चंदेरी कांबळ्यानंतर मला झोप लागली नाही. कांबळं डोळ्यांपुढून जाईना. आपल्या दारातून असं काही गेलं, आणि ते गावानं जेवताना पाहिलं. मी चटई काढली, डोक्यावरून घेतली आणि सापेताच्या दारात खडीवर बसले. गुडघ्यांचं म्हणशील तर ते तिथंच गेले. चटईतून उजेड येतो, निको, तुला ठाऊक नसेल. विणीच्या प्रत्येक भोकातून थोडा थोडा. बाकी काही दिसत नाही. एक डुक्कर येऊन हुंगून गेलं. मग सापेताच्या चपला.

"कोण आहे?"

बसणाऱ्यानं बोलायचं नसतं.

तिनं कड उचलून पाहिलं आणि किंचाळली. "अगं मेट्रन! हे काय केलंस! बहिणीनं बसायचं, भावासाठी? जग काय उलटं चालायला लागलं का?"

मला हाताला धरून उठवलं, आत नेलं, कोको दिला, गुडघ्यांना तेल लावलं. ती एकदा आजारी पडून माझ्याच हॉस्पिटलात होती, तेव्हा मी तिला जेवढी ओरडले होते तेवढी ती मला ओरडली. पण चटई घेतली नाही. घडी करून माझ्या मांडीवर परत ठेवली. म्हणाली, "ही तुझ्या हातातून नको. त्याच्या डोक्यावरून हवी."

पेतेलो दारात उभा होता. पाटी न मागताच त्याला सगळं कळलं होतं. फार मोठ्यानं म्हणाला, "बाई, तुम्ही 'सा' मोडला नाहीत. तुम्ही आत होता. मी बघितलं होतं."

आणि रस्त्यावर वाइओला उभी. ती माशांचे उरलेले डबे न्यायला आली होती. तिनं टोपी काढून हातात धरली होती. मला वाटलं, ऊन लागतंय म्हणून असेल.

तुझ्या खलाशांनी काय ऐकलं ते आता तू ऐक. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, हे आपल्याकडे दूध पितानाच पोराला सांगतात. त्यांना कुणीतरी सांगितलं की कप्तानाच्या डोळ्यातली बाहुली खाली धुळीत बसली होती आणि कप्तान वर चहा पीत होता. अशा माणसाच्या मागून कुणी वादळात जात नाही. तो बघणार कशानं? त्यांना मी काही सांगायची गरज नाही. आणि सांगितलं तरी ते ऐकणार नाहीत. तू मला 'विनंती' करतोस, पण चावी माझ्याकडे नाही. तुझ्याकडेच आहे. ती खडीवर पडली आहे, वाकून घ्यावी लागेल.

एक गोष्ट मी कुठे लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी जहाज आलं तेव्हा, शिंगाच्या आधी, मी प्रार्थनेतून उठून खिडकीशी गेले होते. 'हा आमचा निको' असं मोठ्यानं म्हणाले. ऐकायला घरात कुणी नव्हतं. मग शिंग वाजलं.

आता घराण्याचं. तोलुआफा हे पद घराणं देतं आणि घराणं घेतं, आणि घरातल्या बायकांच्या होकाराशिवाय ते कुणाच्या खांद्यावर बसत नाही. तुला दिलं त्या दिवशी मला विचारलं होतं, मी 'हो' म्हणाले होते. येत्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर घराणं आपल्या अंगणात जमणार आहे. आपण तेव्हा गावाबाहेर असलो तर रस्त्यापलीकडे जमू. मला पुन्हा विचारतील. तू आला नसशील तर मी 'नाही' म्हणेन. त्यानंतर तू नुसता फालानिको, आणि त्या लोखंडाच्या पोटावरचं नाव खरवडून काढायचं. नंतर त्याला एखादा क्रमांक द्या आणि जा कुठे जायचं तिथं. क्रमांकाला घाबरायला कॅलिस्टोवाले मोकळे आहेत. आमच्या नावानं कुणी जळणार नाही.

यायचं असेल तर असा ये. कड्याच्या आत होडीतून, उडत नको. पहाटे. वर्दी नको, बिल्ले नकोत. दार उघडंच असतं, चटई पेटीवर काढून ठेवली आहे. सापेता कितीही वेळ लावील, उठायचं नाही. तिनं पाणी ओतलं तरी उठायचं नाही.

पहाट चुकली आणि शनिवारी संध्याकाळी येऊ लागलास, तर रस्त्यावर पेतेलो असेल. तो सोमवारपासून पुन्हा उभा राहतो. शंख त्याला ऐकू येत नाही. घराघरातली माणसं खाली बसताना दिसली की तो समजतो आणि काठी घेऊन मध्ये येतो. त्याला पाठीमागून येणारं काहीच कळत नाही, म्हणून मान सारखी इकडून तिकडे फिरवत असतो. तो हात करील. तू थांबायचं. तुझी चाहूल त्याला लागणार नाही, त्याचा हात तुला दिसला पाहिजे. एवढी नजर तुझ्यात उरली आहे का, तेवढंच मला बघायचंय.

येतोस की नाही, ते लिहून कळव. भोंगा नको, निरोप्या नको, टंकलेलं नको. तुझ्या हातानं, मोठ्या अक्षरांत, जोडाक्षरं कमी. ते मला नाही, पेतेलोला वाचायचंय, आणि तो बोट फिरवत वाचतो. मी कागद त्याच्यासमोर धरीन.

'चिरंजीव'ची जागा वर कोरी सोडली आहे.

उत्तर शनिवार, २७ ऑक्टोबर, संध्याकाळच्या शंखाच्या आत माझ्या हातात हवं. शंख झाल्यावर आलेलं काहीही या गावात घेतलं जात नाही.

आकेनेसे